रंग, नाक आणि बेटीबंदी

आपल्या सभांमधून एक वाक्य हमखास टाळ्या घेतं. ते गोरे, उपरे, बाहेरून आलेले. आपण काळे, या मातीतले, मूळचे. वक्ता हे म्हणतो आणि पोरं उसळतात. वाक्यात चीड आहे आणि चीड खरी आहे, तिच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण या वाक्याचा माल कुठल्या गोदामातून आला हे कुणी विचारत नाही. पाळी सुटल्यावर वाचनालयात बसून गेली दोन वर्षं मी तेच धुंडाळतोय. जे हाती लागलं ते इथं मांडतो. काही दोस्तांना बोचेल. बोचू द्या.

हर्बर्ट होप रिस्ले नावाचा एक आयसीएस साहेब बंगालात होता. सरकारनं त्याला जातीजमातींची पाहणी करायला बसवलं आणि यानं माणसांची नाकं मोजायला घेतली. चिमट्यासारखं हत्यार नाकाला लावायचं, रुंदी घ्यायची, उंची घ्यायची, रुंदीला उंचीनं भागायचं आणि शंभरानं गुणायचं. आकडा ७० च्या खाली आला की नाक सरळ, ८५ च्या वर गेला की बसकं, उरलेले मधले. हे गणितसुद्धा त्याचं स्वतःचं नाही, तोपिनार नावाच्या फ्रेंच माणसाचं. १८९१ साली, म्हणजे बाबासाहेब जन्मले त्याच साली, त्याची मोजमापांची बाडं छापून निघाली. त्यातून साहेबानं नियम काढला: जातीचा दर्जा जितका वर, नाक तितकं अरुंद. म्हणजे मनूनं जी उतरंड लावली ती आता फूटपट्टीनं सिद्ध झाली! भटजींना याहून काय हवं होतं? १९०१ च्या खानेसुमारीचा हाच रिस्ले कमिशनर झाला आणि त्यानं जातींची सामाजिक प्रतिष्ठेनुसार यादी लावायला घेतली. मग जातोजातीच्या सभा अर्ज घेऊन धावल्या की आमचा नंबर वर घ्या.

याला वेदाचा आधारही सापडला. ऋग्वेदात दस्यूंना एका ठिकाणी 'अनास' म्हटलंय. मॅक्समुल्लरनं तो शब्द अ-नास असा फोडला, म्हणजे बिननाकाचे, नकटे. सायणाचार्यानं कित्येक शतकं आधी तोच शब्द अन्-आस असा फोडला होता, म्हणजे तोंड नसलेले, नीट बोलता न येणारे. एक शब्द, एकाच ऋचेत आलेला. तो कुठं तोडायचा एवढ्यावरून करोडो माणसांच्या नाकाचा इतिहास ठरला.

रिस्लेच्या आधी, १८८५ साली, नेसफील्ड नावाच्या दुसऱ्या साहेबानं उलटं लिहून ठेवलं होतं. काशीच्या संस्कृत कॉलेजच्या वर्गांतून एखादा परका माणूस फिरला, तर तिथली पोरं आणि बाहेर रस्ता झाडणारे भंगी वेगवेगळ्या रक्ताचे आहेत असं त्याच्या स्वप्नातही येणार नाही, असा त्याचा मुद्दा. पण राज्य करायला नेसफील्डचा उपयोग नव्हता, रिस्लेचा होता. आणि रिस्लेच्या स्वतःच्या कोष्टकात काय निघालं पहा. त्यानं हिंदुस्थानचे सात नमुने पाडले, त्यात मराठी मुलखातला ब्राह्मण आणि कुणबी एकाच 'सिथो-द्रविड' खणात टाकला. पुण्याच्या शास्त्र्यांना हा खण कसा वाटला असेल याची मला फार उत्सुकता आहे.

कातडीचा रंग मोजायलाही साहेब लोक बसलेच होते. फेलिक्स फॉन लुशान या ऑस्ट्रियन माणसानं रंगीत काचेचे ३६ तुकडे केले. माणसाच्या अंगाला तुकडा लावायचा, जुळला की नंबर लिहायचा. आमच्या डाईंग खात्यात शेडकार्ड असतं, अगदी तसंच. शेडकार्डाचं दुखणं आम्हाला ठाऊक आहे. दिवसाच्या उजेडात पास झालेली शेड ट्यूबलाइटखाली नापास होते आणि दोन सुपरवायझर एकाच तुकड्याला दोन नंबर देतात. त्या काचांचंही तेच झालं. पुढं १९५० नंतर अंगावर प्रकाश टाकून किती परत येतो ते मोजणारी यंत्रं आली आणि काचा कपाटात गेल्या.

आता हा माल आपल्या लोकांनी कसा वापरला याचं एक उदाहरण. भगतसिंग थिंद हा पंजाबचा माणूस, पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या फौजेत होता. त्यानं अमेरिकेचं नागरिकत्व मागितलं. कायदा असा की बाहेरून आलेला माणूस एकतर गोरा हवा, नाहीतर आफ्रिकी वंशाचा. थिंदच्या बाजूनं सांगण्यात आलं की तो उच्च जातीचा हिंदू आहे, आर्य आहे, म्हणून गोऱ्यांच्या वंशाचा आहे. इतकंच नाही, गोरा अमेरिकन काळ्याला जसा लेखतो तसाच उच्चजातीय हिंदू इथल्या आदिवासीला लेखतो, हेसुद्धा पुरावा म्हणून पुढं केलं. शिवाशीव हाच गोरेपणाचा दाखला! १९२३ साली तिथल्या सुप्रीम कोर्टानं अर्ज फेटाळला. रस्त्यावरच्या साध्या माणसाला हा गोरा दिसत नाही, विषय संपला.

बाबासाहेब १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कमध्ये होते. ९ मे १९१६ ला कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझरांच्या सेमिनारमध्ये त्यांनी जातीवरचा निबंध वाचला. वय किती? पंचवीस. म्हणजे आपल्यातल्या बहुतेकांएवढं. त्या निबंधात त्यांनी रिस्लेसकट सगळ्यांच्या व्याख्या तपासल्या आणि युरोपियन पंडितांना सरळ सुनावलं की तुमच्याच डोक्यात रंगाचा पूर्वग्रह भरलाय, म्हणून तुम्हाला जातीत जिकडंतिकडं रंग दिसतो. जातीचं मर्म रंगात नाही, बेटीबंदीत आहे. स्वतःच्या गटाबाहेर लग्न नाही, हे एकदा लादलं की बाकीचं सगळं, सती, विधवापण, बालविवाह, त्याच्या मागून येतं. हे त्यांनी जनुकं वगैरे काही माहीत नसताना, निव्वळ डोक्याच्या जोरावर लिहिलं. पुढं १९३६ च्या 'जातिप्रथेचे उच्चाटन' मध्ये अजून एक पाऊल टाकलं: हिंदुस्थानातले वंश रक्तानं आणि संस्कृतीनं एकमेकांत मिसळून गेल्यावर कितीतरी काळानं जातव्यवस्था आली. हे वाक्य ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

१९४६ साली 'शूद्र पूर्वी कोण होते?' मध्ये त्यांनी वेद उघडून रंगाचा प्रश्न घेतला. गोऱ्या आर्यांना काळ्यांचा तिटकारा होता म्हणता? मग अश्विनांनी श्यावाचं, म्हणजे काळ्या माणसाचं, गोरीशी लग्न कसं लावलं? पिंगट रंगाचा मुलगा दे म्हणून प्रार्थना कोण करतंय? कण्व ऋषी सावळा कसा? आणि १९४८ च्या 'अस्पृश्य मूळचे कोण?' या नंदनार, रविदास आणि चोखामेळ्याला अर्पण केलेल्या पुस्तकात त्यांनी रिस्लेचं हत्यार रिस्लेवरच उलटवलं. नाकांची मापं त्यांनी घुर्ये यांच्याकडून घेतली. घुर्ये यांनी १९३२ च्या आपल्या पुस्तकात प्रांतवार कोष्टकं लावून दाखवलं होतं की नाकाची आणि दर्जाची जोडी संयुक्त प्रांताच्या बाजूला जरा जमते, दुसरीकडं मोडून पडते. बाबासाहेबांनी निष्कर्ष काढला तो असा: ब्राह्मण आर्य असतील तर अस्पृश्यही आर्य, ब्राह्मण द्रविड तर अस्पृश्यही द्रविड. वंशानं अस्पृश्यता सांगता येत नाही. अस्पृश्यता त्यांच्या मते इसवी सन ४०० च्या आसपास जन्मली आणि तिची कारणं धर्माच्या लढाईत आहेत.

इथं कुणी म्हणेल, मग जोतीरावांचं काय? १८७३ च्या 'गुलामगिरी'त तर आर्यभट बाहेरूनच आलेत. बरोबर. पण तो काळ बघा. त्या वेळी पुण्यामुंबईची शिकलेली भटमंडळी आपण इंग्रजांचे लांबचे भाऊ आहोत, दोघे आर्य, या आनंदात होती. जोतीरावांनी ती फुशारकी धरली आणि म्हणाले, ठीक आहे, बाहेरचे आहात ना, मग इंग्रजांसारखेच लुटारूही आहात. हा डाव होता आणि जबरदस्त डाव होता. बाबासाहेबांनी शूद्रांवरचं पुस्तक जोतीरावांनाच अर्पण केलं आणि त्याच पुस्तकात आर्य वंशाचा सिद्धांत मोडीत काढला. गुरूचा मान राखून गुरूच्या पुढं जाणं याला म्हणतात.

आता विज्ञान काय म्हणतं ते बघू, कारण जनुकांचं नाव घेऊन दोन्हीकडून फेकाफेक चाललीय.

पहिली गोष्ट, कातडीला रंग देणाऱ्या पेशी काळ्या-गोऱ्या सगळ्यांच्या अंगात जवळपास सारख्याच संख्येनं असतात. त्या जो रंग बनवतात तो मेलॅनिन. त्याचे दाणे किती, केवढे, कुठल्या जातीचे (इथंही जात आलीच), एवढ्यावरून शेड ठरते. शेड का बदलली त्याचं कारण ऊन. विषुववृत्ताजवळ ऊन कडक, ते रक्तातलं फोलेट जाळतं आणि फोलेट कमी पडलं तर पोटातलं मूल नीट घडत नाही. तिथं काळी कातडी जीव वाचवते. उत्तरेकडं ऊन कमी, ड जीवनसत्त्व बनायला ते आत शिरावं लागतं. तिथं फिकी कातडी कामाला येते. नीना याब्लॉन्स्की आणि जॉर्ज चॅप्लिन यांनी २००० साली जगभरच्या उन्हाचा आणि कातडीचा नकाशा जुळवून हे मांडलं.

दुसरी गोष्ट २००५ सालची आणि ती सापडली एका माशात. झेब्राफिश नावाचा पट्ट्यापट्ट्यांचा बोटभर मासा. त्यातल्या काहींचे पट्टे फिके सोनेरी असतात. का, म्हणून शोधलं तर एक जनुक निघालं, एसएलसी२४ए५. तेच माणसात आहे. त्यात एका अक्षराचा फरक पडला की कातडी उजळते. युरोपियन आणि आफ्रिकी माणसाच्या रंगात जो फरक दिसतो, त्यातला पाव ते एकतृतीयांशाहून थोडा जास्त वाटा या एका अक्षराचा. चीन-जपानकडची उजळ कातडी या अक्षरानं आलेली नाही, तिची जनुकं दुसरी. म्हणजे दोन गोरे दोन वेगळ्या वाटांनी गोरे झाले. उलट, इंग्लंडात १९०३ साली एका गुहेत सापडलेला दहा हजार वर्षांपूर्वीचा सांगाडा, ज्याला चेडर मॅन म्हणतात, त्याचं डीएनए २०१८ साली वाचलं तर त्याची कातडी बहुधा गडद काळपट आणि डोळे निळे निघाले. इंग्लंडचा 'मूलनिवासी' काळा! तिथल्या गोऱ्या वर्चस्ववाल्यांना हे अजून पचलेलं नाही.

आणि आफ्रिका? काळा म्हणजे एकच काळा असं ज्यांना वाटतं त्यांनी २०१७ चा अभ्यास बघावा. सारा टिशकॉफ आणि त्यांच्या साथीदारांनी इथिओपिया, टांझानिया आणि बोट्स्वाना इथल्या दोन हजारांवर लोकांची कातडी मोजली. जगातल्या सगळ्यात गडद लोकांपासून ते गव्हाळ सान लोकांपर्यंत सगळ्या शेडा एकट्या आफ्रिकेत. उजळपणा देणारी आणि गडदपणा देणारी कितीतरी अक्षरं आफ्रिकेतच जन्मली, त्यातली काही तर आजचा माणूस माणूस व्हायच्या आधीची. गडदपणाची काही अक्षरं दक्षिण भारतात, मेलानेशियात, ऑस्ट्रेलियाच्या मूळ लोकांत तीच्या तीच सापडतात.

या सगळ्यात एक आकडा मला सगळ्यात मोलाचा वाटतो. १९७२ साली रिचर्ड लेवॉन्टिननं रक्तातल्या प्रथिनांवरून हिशेब केला की माणसामाणसांतला सुमारे ८५ टक्के फरक एकाच समाजाच्या आत असतो. समाजासमाजांत, वंशावंशांत मिळून उरतो तो १५ टक्के. २००२ साली जॉन रेलेथफर्डनं तोच हिशेब कातडीच्या रंगाचा केला. तिथं आकडा उलटा आला, ८८ टक्के फरक जगाच्या भूभागाभूभागांत. म्हणजे अंगातली बाकी सगळी जनुकं एक सांगतात आणि कातडी भलतंच सांगते, कारण तिला उन्हानं तासलंय. डोळ्याला दिसते नेमकी कातडी. माणसं ओळखायला याहून वाईट खूण शोधून सापडली नसती आणि जगानं नेमकी तीच धरली.

आता आपल्या देशाकडं येतो. २०१३ साली हैदराबादच्या सीसीएमबी आणि एस्टोनियाच्या शास्त्रज्ञांनी दक्षिणेकडच्या १२२८ माणसांचा रंग मोजला. माशातलं ते अक्षर इथंही आहे, रंगातला सुमारे २७ टक्के फरक त्याच्यानं ठरतो. मग देशभरातले ५४ समाज तपासले. अक्षर सगळीकडं पसरलेलं, कुठं जास्त कुठं कमी. ते प्रदेशावर, भाषेवर, लोकांच्या हालचालींच्या इतिहासावर अवलंबून. युरोपातलं आणि आपल्याकडचं अक्षर एकाच मुळाचं आणि ते मूळ त्यांच्या अंदाजानं २२ ते २८ हजार वर्षं जुनं. तेव्हा वेद नव्हते, भट नव्हता, शेतीसुद्धा नव्हती.

मोजतात कुठं, हेही सांगून ठेवतो. दंडाच्या आतल्या बाजूला, जिथं ऊन पोचत नाही. कारण चेहरा आणि मनगट हे जनुकाचं सांगत नाहीत, कामाचं सांगतात. बारा महिने उसाच्या फडात राबणाऱ्या बाईचा चेहरा आणि सावलीत पोथी वाचणाऱ्याचा चेहरा शेजारी ठेवून तुम्ही 'वंश' काढला, तर तुम्ही मोजलं ते ऊन. जातीनं ज्याला उन्हात उभं केलं त्याच्याच काळेपणाला जातीचा पुरावा म्हणायचं, हा उफराटा न्याय.

उत्तरेत काही ठिकाणी वरच्या म्हणवणाऱ्या जातींचा सरासरी रंग थोडा उजळ भरतो, हे मी लपवत नाही. पण सरासरी म्हणजे माणूस नव्हे. एकाच जातीत इतक्या शेडा आहेत की दंड बघून जात सांगायला कुणाला बसवलं तर तो पदोपदी फसेल. आपल्याकडं इरावती कर्वे आणि मल्होत्रांनी १९६८ साली महाराष्ट्रातल्या आठ ब्राह्मण पोटजातींची शरीरानं तुलना केली. दर्जा एक, नाव एक, पण अंगानं सगळे एक नाहीत.

मग बाहेरून कुणी आलंच नाही का? आलं. आणि इथं दुसऱ्या बाजूच्या पंडितांनाही सोडायचं कारण नाही, जे म्हणतात सगळं इथंच उगवलं. २०१९ साली दोन निबंध आले. राखीगढीच्या, सिंधू काळातल्या एका बाईच्या हाडातलं डीएनए वाचलं, त्यात गवताळ स्टेप प्रदेशातल्या लोकांचा अंश नाही. या कामात पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे होते. दुसऱ्या निबंधात दिसलं की इसवी सनापूर्वी २००० नंतर स्टेपचे लोक इकडं आले आणि त्यांचा अंश आज पुरोहित जातींत तुलनेनं जास्त आहे. हे वाचून आपले काही जण म्हणाले, बघा, सिद्ध झालं! थांबा. तो अंश कमीजास्त प्रमाणात बहुतेकांत आहे, आणि इथल्या जुन्या लोकांचा अंश सगळ्यांत आहे, पुरोहितातही. शुद्ध कुणीच नाही.

खरी गोष्ट पुढंच आहे. प्रिया मूरजानी, थंगराज, डेव्हिड राइश आणि इतरांनी २०१३ साली ७३ समाजांचं रक्त तपासून हिशेब मांडला की ही सरमिसळ साधारण ४२०० ते १९०० वर्षांपूर्वी झाली. सगळ्यांत झाली, अस्पृश्य ठरवलेल्या जातींत झाली, आदिवासींत झाली. आणि मग थांबली. कल्याणीच्या राष्ट्रीय संस्थेतल्या पार्थ मजुमदारांच्या गटानं २०१६ साली वरच्या जातींपुरता हिशेब काढला, सुमारे ७० पिढ्यांपूर्वी बाहेर लग्नं होणं बंद पडलं. म्हणजे गुप्तांचा काळ. बाबासाहेबांनी अस्पृश्यतेच्या जन्माला दिलेला इसवी सन ४०० याच सुमाराचा. बेटीबंदी आणि अस्पृश्यता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, म्हणून मी ताळा जुळला म्हणून नाचत नाही. पण मान ताठ होतेच.

यातला मुद्दा पकडा. बाहेरचे नवेनवे आले तेव्हा रंगातला फरक सगळ्यात जास्त होता आणि तेव्हा लग्नं होत होती. दोन हजार वर्षं होत होती. सगळे रंग एकमेकांत कालवून झाले, आणि मग दार लागलं. रंगामुळं जात झाली असती तर दार आधी लागलं असतं. १९३६ चं ते वाक्य आठवा. आपल्या रक्तात शास्त्रज्ञांना वंश सापडला नाही. सापडली ती बंदी. ती किती कडक पाळली गेली तेही दिसतं: २०१७ साली २६३ समाज तपासले, त्यातले ८१ असे की थोड्या पूर्वजांपासून वाढून आतल्याआत लग्नं करून इतके आवळले गेलेत की त्याची खूण फिनलंडच्या लोकांपेक्षा आणि युरोपातल्या अश्केनाझी ज्यूंपेक्षाही ठळक. आंध्रातल्या वैश्य समाजात एक विकार यामुळंच जास्त आढळतो, ऑपरेशनला भूल देताना स्नायू सैल करायचं औषध टोचलं की ते उतरतच नाही. जात माणसाला वरूनही मारते, आतूनही.

मग 'काळा' हा शब्द आपण टाकायचा का? पँथरनं १९७२ साली अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून नाव घेतलं ते कातडी जुळली म्हणून नाही. बाबासाहेबांनी १९४६ साली डु बॉइस यांना पत्र लिहून निग्रो संघटनेच्या राष्ट्रसंघाकडच्या अर्जाची प्रत मागवली आणि आपली आणि त्यांची स्थिती किती सारखी आहे ते कळवलं. वंश एक नसतानाही दुखणं एक असू शकतं, लढाई शेजारची असू शकते. त्या अर्थानं काळा शब्द मला प्यारा आहे, माझ्या कवितेत तो येतो, येत राहील. रिस्लेच्या अर्थानं नको.

शेवटी एक आपल्या घरातली गोष्ट. गेल्या वर्षी आमच्या भागात बौद्ध वधू-वर मेळावा झाला. छापील फॉर्मात नाव, शिक्षण, उंची, पगार, त्याखाली 'वर्ण' म्हणून रकाना: गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा. काळा हा पर्यायच नाही. त्याखाली 'पोटजात': सोमस, लाडवण, बावणे, कोसरे. १९५६ नंतर इतकी वर्षं झाली आणि हा रकाना जिवंत. मी समितीच्या बैठकीत दोन्ही रकाने काढा म्हणून मांडलं. वर्णाचा रकाना दहा मिनिटांत उडाला, सगळे हसत हो म्हणाले. पोटजातीवर रात्री साडेअकरापर्यंत वाद झाला आणि तो रकाना राहिला. पुढची बैठक दिवाळीनंतर आहे.